गाडीचा विमा: नियम की यम?



गाडीच्या विम्याचं ऑटो-रिन्यूअल बंद करा, असं मी मागच्या महिन्यात मंडळात म्हटलं तेव्हा दोघी-तिघी हसल्या. "काकू, जग कुठं चाललं आणि तुम्ही कुठं!" माझं मोबाईलशी काही भांडण नाही. विजेचं बिल, गॅसचा नंबर मीही फोनवरूनच लावते. माझा विरोध आहे तो एका वर्षाचा करार मला न विचारता दरवर्षी पुन्हा होण्याला.

आपण स्वाध्यायात रत्नकरंड श्रावकाचार वाचतो. त्यात भोगोपभोग परिमाणाच्या ठिकाणी नियम आणि यम असे दोन प्रकार येतात. ठरावीक काळापुरता त्याग तो नियम, जन्मभराचा तो यम. चातुर्मासापुरत्या पालेभाज्या सोडलेल्या बाईला कार्तिक संपल्यावर कुणी सांगितलं, "तुमचा नियम आपोआप पुढच्या वर्षीही लागू झाला बरं का," तर ती काय म्हणेल? पुन्हा घ्यायचा तर ती पुन्हा मंदिरात जाईल, तब्येत बघेल, घरचं बघेल आणि मग हात जोडून घेईल. व्रत आणि विमा एका ताटात वाढते म्हणून रागावू नका, पण पॉलिसी हासुद्धा बारा महिन्यांचा नियमच आहे. बँकेतलं मँडेट त्याचा गुपचूप यम करून टाकतं.

बी.कॉम.ला आम्हाला १८७२चा करार कायदा होता. एकाने प्रस्ताव मांडायचा, दुसऱ्याने तो स्वीकारायचा, आणि गप्प बसणं म्हणजे स्वीकारणं नव्हे, एवढं तरी त्या पुस्तकातलं अजून डोक्यात आहे. ऑटो-रिन्यूअलमध्ये आपण एकदाच हो म्हणतो आणि पुढची सगळी वर्षं आपलं गप्प बसणंच होकार धरलं जातं.

आता त्याची चांगली बाजूही सांगते, कारण ती खरी आहे. विमा खंडित होणं ही लहान गोष्ट नाही. थर्ड पार्टी विमा मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे. तो नसताना पकडलं तर पहिल्या वेळी २००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण दंडाचं सोडा. आपल्या चाकाखाली कुणाचा हातपाय गेला, कुणाचा कमावता माणूस गेला, तर त्या घराला भरपाई मिळते ती या विम्यातून. अहिंसा मानणाऱ्या घरातली गाडी एक दिवससुद्धा या विम्याशिवाय रस्त्यावर जाऊ नये, यात माझं दुमत नाही. शिवाय मुदत संपून ९० दिवस उलटले तर नो क्लेम बोनस जातो. पाच वर्षं दावा न करता ५० टक्क्यांपर्यंत वाढवलेली सूट एका विसरभोळेपणात शून्यावर येते. ज्या बाई एकट्या राहतात, मुलं पुण्याला नाहीतर अमेरिकेत, त्यांनी ऑटो ठेवलं तर मी त्यांना नावं ठेवणार नाही.

पण या भीतीतही थोडी भर विकणाऱ्यांनी घातलेली आहे. सप्टेंबर २०१८पासून नव्या कारला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा एकदमच घ्यावा लागतो. म्हणजे त्या काळात दरवर्षी जे आपोआप कापलं जातं ते गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं, सक्तीचं नव्हे. आणि थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं, तो सगळ्या कंपन्यांकडे सारखा. स्वतःच्या नुकसानीचा दर मात्र २००७पासून ज्याचा त्याचा. फरक पडतो तो इथेच, आणि नेमकं इथेच आपण बघायचं सोडून देतो. ब्रिटनमध्ये जुन्या, विश्वासू ग्राहकांकडून नव्यांपेक्षा जास्त हप्ता घेतला जाई. तिथल्या नियामकाने १ जानेवारी २०२२पासून ते बंद केलं आणि ऑटो-रिन्यूअल थांबवण्याची सोपी सोय द्यायला लावली. तिकडे भाजी घेतानाही कुणी घासाघीस करत नाही म्हणतात, आणि त्यांनासुद्धा हे जाचलं!

माझं खरं म्हणणं मात्र पैशापलीकडचं आहे, आणि ते आपल्या बायकांविषयी आहे.

माझ्या नात्यातल्या एक वहिनी अकोल्याला राहतात. भाऊजी गेले. खातं जोडीचं होतं, त्यामुळे मँडेट चालू राहिलं. चौथ्या महिन्यात गाडीचा विमा भाऊजींच्याच नावाने नव्याने झाला. पैसे कापण्याआधी जो मेसेज येतो तो आला भाऊजींच्या नंबरवर, आणि तो फोन कपाटात बंद पडलेला. पुढे मूर्तिजापूरजवळ गाडी ठोकली गेली. दावा केला तर कंपनीने विचारलं, ज्यांच्या नावाने पॉलिसी आहे ते कुठे आहेत? दावा नामंजूर झाला. वहिनी म्हणाल्या, "पैसे तर वेळेवर कापले ना त्यांनी?" कापले. विमा घेणारा माणूस मात्र जगात नव्हता.

नियम असा आहे की ज्याच्या नावाने पॉलिसी आहे तो गेला तर ती तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यांतलं जे आधी येईल तोवर चालते. तेवढ्यात वारसाने गाडी आणि पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची. आरटीओला मृत्यूची खबर ३० दिवसांत द्यायची आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरायचा. नवऱ्याने कमावलेला नो क्लेम बोनससुद्धा गाडी वापरणाऱ्या बायकोला मिळू शकतो, मागितला तर. यातलं एकही काम आपोआप होत नाही, आपोआप होतो तो फक्त हप्ता. आणि खातं एकट्या नवऱ्याचं असेल तर उलटीच गत. बँकेला मृत्यू कळवला की खातं गोठतं, हप्ता जात नाही, आणि विमा कायद्याप्रमाणे हप्ता पोचल्याशिवाय जोखीम सुरूच होत नाही. घरात सगळ्यांना वाटत असतं, विमा काय, ऑटोवर आहे.

पूर्वी आमच्याकडे एजंट यायचे. चहा व्हायचा, गुळाची चिक्की व्हायची, आणि ते विचारायचे, "साहेब कुठं आहेत? गाडी कोण चालवतं आता? मुलीचं लग्न झालं का?" ते काही साधू नव्हते, कमिशनसाठीच यायचे. पण वर्षातून एकदा घरातल्या बदलाची विचारपूस व्हायची आणि कागद माझ्या हातात यायचा. ऑटोने तो एक दिवस काढून घेतला. अकोल्याच्या त्या कंपनीला भाऊजी गेल्याचं कळायला मार्गच नव्हता. कुणी विचारलं नाही, म्हणून कुणी सांगितलं नाही.

जिवंतपणीही हेच होतं. आपल्यापैकी कितीतरी जणींच्या नावावर धनत्रयोदशीला घेतलेली गाडी आहे, आणि लायसन्स नाही. पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. तो मालकाकडे वैध लायसन्स असेल तरच उपयोगाचा. लायसन्स नसलेल्या मालकिणीला तो घ्यायची सक्तीही नाही. तरी काहीशे रुपये वर्षानुवर्षं जातात, कारण पहिल्या वर्षी शोरूममध्ये कुणीतरी त्या चौकटीत खूण केली होती.

गाडीच्या किमतीचंही तसंच. पॉलिसीत लिहिलेली किंमत, म्हणजे आयडीव्ही, ठरलेल्या घसाऱ्याने खाली येते. चार वर्षांनंतर शोरूमच्या किमतीवर ५० टक्के घट. आठ लाखांची गाडी चार लाखांवर. पाच वर्षांनंतर ही किंमत कंपनी आणि मालक यांनी परस्पर संमतीने ठरवायची असते. ऑटोमध्ये ही परस्पर संमती कोण कुणाला देतं, ते मला कुणीतरी समजावून सांगा. गाडी चोरीला गेल्यावर तोच आकडा हातात पडतो.

आणि आपला अमरावती-अकोला रस्ता! काय हाल होते ते तुम्हाला सांगायला नको. त्या खड्ड्यांच्या दिवसांत अनेकांनी टायरचं जादा कव्हर घेतलं, शहाणपणाचंच होतं. जून २०२२मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा टाकून या रस्त्याने गिनीजमध्ये नाव लावलं. रस्ता बदलला तरी टायरचं कव्हर तसंच कापलं जातंय. उलट जुलै २०२१मध्ये मोर्णेचं पाणी अकोल्याच्या वस्त्यांत शिरलं, त्यानंतर इंजिनात पाणी जाण्याचं कव्हर किती घरांनी जोडलं? ज्याची गरज गेली ते चालू राहतं, ज्याची गरज आली ते कुणी सुचवत नाही.

मुलं म्हणतात, "आई, काहून टेन्शन घेतेस, रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत." आहेत. कार्ड आणि यूपीआयवरच्या अशा कपातीआधी २४ तास मेसेज यायला हवा, आणि मँडेट कधीही रद्द करता येतं. पण डिसेंबर २०२३पासून विम्याच्या हप्त्याला एक लाखापर्यंत ओटीपी लागत नाही. आपल्या गाडीचा हप्ता त्या खालीच असतो. म्हणजे सगळी भिस्त एका मेसेजवर, आणि तो कुणाच्या फोनवर जातो? साडी सेलच्या आणि लोनच्या वीस मेसेजांत तो दिसायला हवा, वाचणाऱ्याला समजायला हवा, आणि चोवीस तासांत तीन कंपन्यांचे दर विचारून व्हायला हवेत. एवढ्यात आमची मुक्तागिरीची एक फेरीसुद्धा नीट आखून होत नाही.

माझ्याकडे कालनिर्णयवर मुदतीच्या महिनाभर आधी लाल खूण असते. त्या आठवड्यात एका दुपारी सामायिकानंतर जुनी पॉलिसी काढते, तीन ठिकाणचे दर मागवते, नाव, नॉमिनी, नंबर, किंमत बघते आणि मुदतीच्या आठ-दहा दिवस आधी भरून मोकळी होते. तासभर लागतो. आणि ज्या ऑटो ठेवणार असतील त्यांनी निदान मेसेज स्वतःच्या नंबरवर वळवा, आणि आरसीवर नॉमिनीचं नाव घाला. २०२१पासून ती सोय आहे.

पुढच्या बुधवारच्या सभेला येताना आपापल्या गाडीची पॉलिसी आणि आरसी घेऊन या. अक्षर फार बारीक असतं, चष्मा विसरू नका.