माऊसच्या भरवशावर सर्व्हर नको

“विंडोज सर्व्हरला स्क्रिप्ट कशाला? खिडकी उघडा, खूण करा, ‘ओके’ दाबा. काम डोळ्यांसमोर होतं.” हा युक्तिवाद एका सर्व्हरपुरता खराही आहे. पण सर्व्हर चाळीस झाले की कुणी, कुठली खूण, का काढली याची सलग नोंद सहसा कुठेच सापडत नाही. ती माहिती असणारा माणूस नोकरी सोडतो आणि ज्ञानही घेऊन जातो.

क्लिक हा विंडोजचा स्वभावच आहे, असं म्हणणाऱ्यांनी मायक्रोसॉफ्टचाच इतिहास पाहावा. तिथल्या जेफ्री स्नोव्हर यांनी 2002 मध्ये ‘मोनाड’चा जाहीरनामा मांडला, 2006 मध्ये त्यातून लिखित आज्ञांवर चालणारं पॉवरशेल आलं. 2008 मध्ये डेस्कटॉपविना चालणारा सर्व्हर कोअर आला आणि 2013 मध्ये सर्व्हरची हवी ती स्थिती फाइलमध्ये लिहू देणारं डिझायर्ड स्टेट कॉन्फिगरेशन. ज्यांनी खिडक्या घडवल्या, त्यांनीच सर्व्हरवरून त्या उतरवायला घेतल्या.

“क्लाउड घेतला की कटकट मिटते,” हाही भ्रमच. पोर्टलवरचं क्लिक तेच. फक्त मशीन मिनिटांत उभं राहतं, त्यामुळे गोंधळही वेगाने वाढतो.

खरा दमदार आक्षेप वेगळाच आहे: स्वयंचलनातली एक चूक शंभर सर्व्हरवर पसरते. 28 फेब्रुवारी 2017 रोजी अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्री सेवेत एका आज्ञेत चुकीचं मूल्य टाइप झालं, काढायचे होते त्याहून कितीतरी जास्त सर्व्हर काढले गेले आणि सेवा काही तास कोलमडली. पण अ‍ॅमेझॉनने नंतर काय केलं? सर्व्हर काढणारं साधन मंदावलं आणि ठरावीक क्षमतेखाली सर्व्हर काढताच येणार नाहीत असा अटकाव त्यात घातला. असा अटकाव बोटाला घालता येत नाही. हाताने केलेल्या कामाचं उदाहरण घ्या: 2012 मध्ये नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाली कंपनीच्या आठ सर्व्हरपैकी एकावर नवा कोड टाकायचा राहिला, दुसऱ्या कुणी तपासलंही नाही. सुमारे 45 मिनिटांच्या उलाढालीत 46 कोटी डॉलरहून अधिक बुडाले.

म्हणून सर्व्हर कसा असावा हे फाइलमध्ये लिहा, प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये ती ठेवा, दुसऱ्याकडून तपासून घ्या, आधी एकाच सर्व्हरवर चालवा. तीच फाइल पुन्हा चालवली तरी निकाल तोच यायला हवा. डिझायर्ड स्टेट कॉन्फिगरेशन ठरलेल्या अंतराने स्थिती तपासतं. तशी सूचना दिली असेल तर भरकटलेला सर्व्हर मूळ स्थितीत आणतं. पॉवरशेल नको तर अ‍ॅन्सिबल घ्या. हत्याराचा हट्ट नाही.

पाहण्यासाठी खिडकी जरूर उघडा, पण बदल फाइलमधूनच करा. सर्व्हर आज रात्री गेला, तर कालच रुजू झालेला सहकारी तो फक्त फाइलवरून उभा करू शकेल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर तो सर्व्हर तुमच्या ताब्यात नाही.