प्रेमाचा कार्पेट एरिया

2021 च्या पावसाळ्यात बोरिवलीतल्या एका सोसायटीने आपल्या फाटकाबाहेरच्या रस्त्यावर पिवळ्या रंगाने ठळक अक्षरांत लिहून घेतलं, 'नो किसिंग झोन'. कोरोनाचे दिवस होते. सिनेमागृहांना कुलूप, बाकी सगळीकडे निर्बंध. संध्याकाळ झाली की जोडपी बाइक आणि गाड्या घेऊन त्या शांत रस्त्यावर येऊन थांबायची. रहिवाशांचं म्हणणं असं, की जोडप्यांशी आमचं वैर नाही, पण हे आमच्या दारात नको. फोटो देशभर फिरला, लोक पोटभर हसले. दारात नको तर मग कुठे, हे मात्र त्या रस्त्यावर कुणी लिहिलं नाही.

तरुणांच्या प्रेमावर बोलायला बसलं की संस्कार निघतात, मोबाइल निघतो, वेबसिरीज निघतात. चौरस फूट निघत नाहीत. खरं तर महाराष्ट्रातल्या विशीतल्या मुलामुलींचा रोजचा झगडा नीतीशी कमी आणि जागेशी जास्त आहे. भेटायचं कुठे, बसायचं कुठे, एकमेकांचा हात धरायचा कुठे, आणि पुढे एकत्र राहायचं ठरलंच तर कोण खोली देणार?

हे दुखणं आजचं नाही. राजा ठाकूर यांचा 'मुंबईचा जावई' 1970 साली आला. चाळीतल्या भरल्या घरात नव्या जोडप्याला एकांत मिळत नाही, एवढाच त्याचा विषय. दोनच वर्षांनी बासू चटर्जींनी त्यावरून 'पिया का घर' काढला. 1977 च्या 'घरौंदा'त प्रेम आहे, लग्नाची तयारी आहे, अडतं ते फ्लॅटपाशी. म्हणजे अग्नीभोवती रीतसर फेरे घेतलेल्यांनाही मुंबईने दार लावून घेण्याची सोय दिली नाही. बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. आता तिथे 500 फुटांची घरं मिळू लागली आहेत, पण झोपडपट्टी पुनर्वसनातलं घर आजही 300 फुटांच्या आसपास असतं. त्यात आईवडील, धाकटा भाऊ, आजी. अशा घरातल्या चोवीस वर्षांच्या मुलीच्या हातात पगार असतो, फोन असतो, मतदानाचा हक्क मिळून सहा वर्षं झालेली असतात. फक्त दार आतून लावलं की बाहेरून विचारणा होते, "दार कशाला लावलंयस गं?"

म्हणून प्रेम रस्त्यावर येतं. मुंबईत मरीन ड्राइव्ह, वांद्र्याचं बँडस्टँड, वरळी सी फेस, शिवाजी पार्कचा कट्टा. पुण्यात डेक्कनला नारायण पेठेशी जोडणारा झेड ब्रिज. या पुलावर संध्याकाळी ओळीने दुचाक्या लागतात आणि जोडपी पाठ रस्त्याकडे, तोंड मुठेकडे करून बसतात. मुठेच्या पाण्याचा वास लक्षात घेता त्यांना निसर्गप्रेमी म्हणता येणार नाही. पाठ फिरवली की तेवढाच आडोसा, हे त्यामागचं कारण. मरीन ड्राइव्हवरही तसंच, समोर समुद्र आणि पाठीला सगळं शहर. हजार अनोळखी माणसांच्या गर्दीत बसणं या मुलांना चालतं. त्यांना भीती असते ती एका ओळखीच्या माणसाची, म्हणजे काकांच्या मित्राची किंवा शेजारच्या मावशींची.

मोठ्या शहरात ही अनोळखी गर्दी तरी असते. जालना, सांगली, धाराशिव अशा ठिकाणी तीही नाही. तिथे कॉलेजच्या परिसरात कॅफे निघाले, त्यांत प्लायवूडचे कप्पे आले, कप्प्यांना पडदे आले. कॉफीच्या नावाखाली तासाचे पैसे घेतले जातात. मग अधूनमधून छापा पडतो, मुलामुलींच्या घरी फोन जातात, मुलीचं कॉलेज बंद होतं. मुलाचं सहसा होत नाही. या कॅफेंविरुद्ध बोलणाऱ्यांचं सगळंच खोटं आहे असं नाही. अंधाऱ्या कप्प्यांत मुलींना गुंगीचं औषध दिल्याच्या, चित्रीकरण करून धमकावल्याच्या तक्रारी झाल्या आहेत. हे गुन्हे आहेत आणि त्यांचा तपास गुन्ह्यासारखाच व्हायला हवा. पण हे गुन्हे चोरट्या जागेत सोपे होतात, ही बाजू कुणी मांडत नाही. जिथे गेल्याचं घरी सांगता येत नाही, तिथे काही वाईट घडलं तर तेही सांगता येत नाही. मुलगी गप्प राहते आणि धमकावणाऱ्याला तेच हवं असतं. उजेडातल्या बाकावर कुणाला असं धमकावता येत नाही.

पैसे असतील तर हॉटेल. तिथलंही ऐका. ऑगस्ट 2015 मध्ये मुंबई पोलिसांनी मढ आणि अक्सा भागातल्या हॉटेलांवर छापे घातले आणि सुमारे 40 जोडप्यांना ठाण्यात नेलं. त्यातली बरीचशी सज्ञान, ओळखपत्र दाखवून, पैसे भरून खोलीत राहिलेली. कलम लावलं ते सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तनाचं. बंद खोली सार्वजनिक कशी झाली, हा प्रश्न तेव्हा वर्तमानपत्रांनीही विचारला आणि पोलीस आयुक्तांना चौकशी लावावी लागली. पुढे डिसेंबर 2019 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की अविवाहित स्त्रीपुरुषांनी हॉटेलच्या एका खोलीत राहू नये असा कुठलाही कायदा नाही. तरीही जानेवारी 2025 मध्ये ओयो कंपनीने मेरठपासून सुरुवात करून आपल्या हॉटेलांना अविवाहित जोडप्यांना नाकारण्याची मुभा दिली. ज्या कंपनीचं नावच तरुणांच्या तोंडी खोलीला पर्याय म्हणून रुळलं होतं, तिने नात्याचा पुरावा मागावा, यातली गंमत त्या तरुणांना लगेच कळली.

न्यायालयं या बाबतीत समाजाच्या बरीच पुढे आहेत. लग्नाशिवाय एकत्र राहणं हा गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये खुशबू प्रकरणात सांगितलं. 2017 मध्ये खासगीपणा मूलभूत हक्क ठरला. 6 सप्टेंबर 2018 रोजी समलिंगी संबंध गुन्ह्याच्या यादीतून निघाले. निकाल मोठे आहेत. पण ते हातात घेऊन एखादं जोडपं भाड्याचं घर बघायला गेलं, तर दलालाचा पहिला प्रश्न असतो, "फॅमिली आहे ना?" दुसरा असतो आडनावाचा. आडनाव सांगितलं की जात कळते, धर्म कळतो, आणि अर्धी घरं त्याच क्षणी भाड्याने गेलेली असतात. या सगळ्यात दोन मुलगे 'बॅचलर' म्हणून एक खोली जरा सहज मिळवू शकतात. ते एकमेकांचे कोण आहेत हे लपवलं तरच. 2023 मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला, त्यामुळे त्यांच्या लपवण्याला शेवटची तारीखही नाही.

आता कुणी म्हणेल, मग लग्न करावं की! सगळे प्रश्न मिटतील.

जातीतल्या जातीत, पत्रिका जुळवून, कांदेपोहे खाऊन केलं तर खरंच मिटतात. पण 2011-12 च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय लग्नांचं प्रमाण जेमतेम पाच टक्के निघालं, यावरून त्या पलीकडची वाट किती अरुंद आहे ते कळतं. दोन धर्मांच्या मुलामुलींना आपापला धर्म ठेवून लग्न करायचं तर 1954 चा विशेष विवाह कायदा आहे. त्याची अट अशी, की दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात किमान 30 दिवस राहिलेलं असावं. मग नोटीस द्यायची. ती कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावली जाते आणि आक्षेपांसाठी आणखी 30 दिवस थांबावं लागतं. घर सोडून आलेल्या दोघांनी हे दोन महिने काढायचे कुठे? घरमालक लग्नाचा दाखला मागतो आणि लग्नाची कचेरी राहण्याचा दाखला मागते. आणि नोटिशीवरचे पत्ते वाचायला कुणी कार्यकर्ता आला, की मुलीच्या घरी निरोप त्याच दिवशी पोहोचतो. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी 2021 मध्ये ही जाहीर नोटीस ऐच्छिक असावी असा निकाल दिला. कायद्यातलं कलम मात्र तसंच आहे.

सरकारचं धोरण या बाबतीत धड कुठल्याच बाजूला नाही. आंतरजातीय लग्न केलं तर महाराष्ट्र सरकार 50,000 रुपयांचं प्रोत्साहन देतं. त्याच सरकारने डिसेंबर 2022 मध्ये आंतरधर्मीय विवाहांची माहिती गोळा करणारी समिती नेमली. पहिल्या आदेशात आंतरजातीय लग्नंही होती, ओरड झाल्यावर ती वगळली गेली. फेब्रुवारी 2025 मध्ये 'लव्ह जिहाद'विरोधी कायद्याचा अभ्यास करायला आणखी एक समिती आली. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये शक्ती वाहिनी निकालात अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित निवारा उभारायला सांगितलं होतं. जोडप्यांवर नजर ठेवायला जी तत्परता दिसली, ती त्यांना चार भिंती द्यायला दिसली नाही.

गावाकडे हा प्रश्न वेगळं रूप घेतो आणि जास्त जीवघेणा होतो. बीडच्या ऊसतोड कामगारांचं बघा. मुकादम उचल देतो ती 'कोयत्या'ला, आणि एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. दिवाळीच्या सुमाराला आईबाप सहा महिन्यांसाठी कारखान्याच्या फडावर जातात. वयात आलेली मुलगी गावात एकटी कुणाच्या भरवशावर ठेवायची? फडावर न्यावी तर पालाला दार नाही. तिच्यावर कुणी हात टाकेल ही एक भीती, ती कुणाच्या प्रेमात पडेल ही दुसरी, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच घरांत या दोन भीतींत फरकच केला जात नाही. उपाय एकच, लग्न लावून टाकणं. लग्न झालं की आणखी एक कोयता तयार होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वर्षांच्या साधारण 22 टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. यामागे गरिबी आहे, हुंडा आहे. आणि त्याच्या जोडीला मुलीच्या इच्छेची धास्ती आहे, जी आकड्यांत दिसत नाही.

मुलगी सतराची, मुलगा एकोणिसाचा, आणि दोघं पळून गेले, की तीच धास्ती पोलीस ठाण्यात पोहोचते. 2012 च्या पोक्सो कायद्याने संमतीचं वय 16 वरून 18 केलं. लैंगिक अत्याचाराविरुद्ध हा कायदा गरजेचाच होता. पण एन्फोल्ड या संस्थेने महाराष्ट्र, आसाम आणि पश्चिम बंगालमधल्या 7,064 निकालांचा अभ्यास केला, तेव्हा जवळपास चौथा हिस्सा प्रेमप्रकरणांचा निघाला. तक्रार बहुतेक वेळा मुलीच्या घरच्यांची. मुलगा तुरुंगात जातो, मुलगी घरी परत किंवा बालगृहात, आणि तिचं म्हणणं विचारायची पाळी येईपर्यंत वर्षं उलटलेली असतात.

त्या सतराव्या वर्षी शरीराबद्दल, संमतीबद्दल, गर्भनिरोधकांबद्दल तिला कुणी काही सांगितलेलं असतं का? 2007 मध्ये केंद्राचा किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम आला, तेव्हा तो नाकारणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र होता. याच महाराष्ट्रात रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं आणि 1927 पासून 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. गणिताच्या या प्राध्यापकाची नोकरी त्यापायी गेली, अश्लीलतेचे खटले झाले, त्यातल्या एकात त्यांची बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, दंड भरला, पुढचा अंक काढला. शंभर वर्षांपूर्वी जो प्रश्न कर्व्यांना पोस्टाने विचारता येत होता, तो आजची मुलं मध्यरात्री पांघरुणात फोनला विचारतात आणि उत्तर बहुधा पॉर्न देतं.

हे सगळं सोडवायला समाज आमूलाग्र बदलण्याची वाट बघायची गरज नाही. पुण्यातल्या बऱ्याच बागा दुपारी बंद असतात, त्या उघड्या ठेवा. दिवे लावा, स्वच्छतागृहं द्या, आणि रखवालदाराला जोडप्यांना हुसकावण्याच्या कामातून मोकळं करा. वर्दळीच्या, उजेडाच्या जागा वाढल्या की पडद्याच्या कॅफेंचा धंदा आपोआप बसेल. असभ्य वर्तनाचं कलम हॉटेलच्या खोलीत लावणाऱ्या अधिकाऱ्याला जाब विचारला जावा. विशेष विवाहाची जाहीर नोटीस रद्द करायला संसदेत एक दुरुस्ती पुरे.

आणि एक काम तर कुठल्याही सरकारशिवाय होण्यासारखं आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांना 30 सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. अविवाहितांना फ्लॅट भाड्याने देऊ नये असा ठराव आपल्या संस्थेच्या इतिवृत्तात आहे का, ते वाचकांनी यंदा काढून बघावं. असेल, तर तो रद्द करण्याचा विषय लेखी देऊन सभेच्या अजेंड्यावर घ्यायला लावावा.