तारखेला आलेल्या माणसाला धरू नका

प्रति,
संचालक, न्यूयॉर्क विभागीय कार्यालय,
इमिग्रेशन अँड कस्टम्स एन्फोर्समेंट (आइस),
२६ फेडरल प्लाझा, मॅनहॅटन

महोदय,


२०११ साली मी तुमच्याच इमारतीत नागरिकत्वाच्या मुलाखतीला आले होते. खातं वेगळं होतं, पण दार तेच, आणि पट्टा-घड्याळ काढून ट्रेमध्ये ठेवायची रांगही तीच. मुलाखत घेणाऱ्या अधिकारी बाईंनी विचारलेल्या प्रश्नांत एक होता : कायद्याचं राज्य म्हणजे काय? पाठ केलेल्या उत्तरांपैकी कोणतंही एक चाललं असतं. मी म्हटलं, सरकारनेही कायदा पाळायचा असतो. बाईंनी मान हलवली आणि कागदावर बरोबरची खूण केली. त्या उत्तराच्या भरवशावर हे पत्र लिहिते आहे.

याची इंग्रजी प्रत टपालाने तुमच्याकडे पाठवते आहे. मराठीत छापते आहे ती माझ्याच माणसांसाठी. ‘आपण व्हिसा घेऊन रीतसर आलो, यात आपलं काय?’ असं म्हणून आमच्या घरांत हा विषय बाजूला सारला जातो. तो सारला जाऊ नये.

तुमच्या कामाला माझा विरोध नाही. ज्याची अपिलं संपली आणि ज्याच्याविरुद्ध हद्दपारीचा अंतिम आदेश झाला, त्या आदेशाची अंमलबजावणी कुणीतरी करायलाच हवी. २००३ साली तुमचं खातं उभं राहिलं, तेव्हा ही जबाबदारी त्याच्याकडे आली. माझं म्हणणं आहे ते तारखेला आलेल्या माणसाबद्दल.

मे २०२५च्या अखेरीपासून तुमच्या इमारतीतल्या इमिग्रेशन कोर्टाबाहेर काय घडलं, ते साऱ्या शहराने छायाचित्रांत पाहिलं. मास्क लावलेले एजंट कॉरिडॉरमध्ये थांबलेले. आत सरकारी वकील खटलाच काढून टाकायची विनंती करतो. समोरच्याला वाटतं, सुटलो. पण तो खटला गेला की न्यायाधीशापुढे बाजू मांडायची संधीही जाते आणि झटपट हद्दपारीची वाट मोकळी होते. पुढची तारीख मिळालेल्यांनाही दाराबाहेर धरलं गेलं.

त्या माणसापुढे पर्याय काय आहेत? तारखेला गेला नाही, तर गैरहजेरीत हद्दपारीचा आदेश. गेला, तर बेड्या. दडून बसलेला सापडत नाही आणि सांगितल्या दिवशी, सांगितल्या वेळी आलेला आयता हाती लागतो. अशाने कायद्याला मानणाऱ्याचंच नुकसान होतं. ही गोष्ट एकदा वस्तीत पसरली, की उद्या कोर्टात येणार कोण?

क्वीन्समधल्या आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर इक्वेडोरचं एक जोडपं राहतं. नवऱ्याच्या सुनावणीच्या आदल्या रात्री इंग्रजी कागद वाचून दाखवायला मी त्यांच्याकडे गेले होते. टेबलावर फाईल होती. त्यात सुनावणीची नोटीस, भाड्याच्या पावत्या, कर भरल्याचे कागद, मुलीच्या शाळेचं पत्र. इस्त्री केलेला शर्ट खुर्चीच्या पाठीवर टांगलेला. सगळं लावून झाल्यावर बायकोने त्याचा डावा हात पुढे ओढला, बाही वर सारली आणि मनगटाच्या आतल्या बाजूला मार्करने वकिलाचा नंबर लिहिला. फोन काढून घेतला तर काय, आणि घाबरल्यावर पाठ केलेलंही आठवत नाही, असं म्हणाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो परत आला. साबणाने घासूनही ते आकडे दोन दिवस पुसट दिसत होते. ज्या घरात कोर्टाच्या तारखेची अशी तयारी होते, त्या घराचा कायद्यावरचा विश्वास अजून उडालेला नाही. तो राखणं तुमच्या हातात आहे.

आता दहाव्या मजल्याबद्दल. धरलेल्यांना ठेवायच्या तिथल्या खोल्या थोड्या तासांसाठी आहेत. तिथे खाटा नाहीत. अशा खोल्यांसाठी तुमच्या खात्याची मर्यादा १२ तासांची होती, ती जून २०२५मध्ये ७२ तासांवर नेली गेली. लोक त्याहूनही जास्त दिवस तिथे राहिले. १२ ऑगस्टला फेडरल न्यायाधीश लुइस कॅप्लन यांनी आदेश दिला : माणशी ५० चौरस फूट जागा द्या, अंथरूण द्या, साबण-टॉवेल द्या, वकिलाशी खासगीत बोलायला फोन द्या. ती यादी वाचताना माझा घसा दाटून आला. इमिग्रेशनची कोठडी ही कायद्याने शिक्षा नव्हेच. ती दिवाणी बाब आहे. मग साबणासाठी न्यायाधीशाच्या सहीची वाट का पाहावी लागली?

अमेरिकेच्या घटनेची पाचवी दुरुस्ती ‘व्यक्ती’ला संरक्षण देते, फक्त नागरिकाला नव्हे. याच शहरात, कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने भारताच्या घटनेचा मसुदा केला. त्यातल्या कलम २१मध्येही शब्द ‘व्यक्ती’ हाच आहे. दोन्ही देशांशी नातं असलेल्या माझ्यासारखीला म्हणूनच हा प्रश्न परका वाटत नाही.

माझ्या मागण्या चार आहेत. सुनावणीला आलेल्याला कोर्टाच्या दाराशी धरू नका. तुमच्या माणसांचे चेहरे उघडे आणि बिल्ले समोर असू द्या. धरलेला माणूस कुठे आहे, हे घरच्यांना आणि वकिलाला त्याच दिवशी कळू द्या. त्याला दूरच्या राज्यात हलवण्याआधी तर नक्कीच. आणि १२ तासांची जुनी मर्यादा पुन्हा पाळा.

त्या दिवशी तुमच्या इमारतीत माझं उत्तर बरोबर धरलं गेलं होतं. ते दहाव्या मजल्यावर आणि कोर्टाच्या कॉरिडॉरमध्येही बरोबर ठरू द्या.

कळावे,
क्वीन्समध्ये राहणारी, अमेरिकेची एक मराठी नागरिक