टपावरचा तंबू

नंदुरबार जिल्ह्यांतील तोरणमाळासारख्या स्थळीं मुक्कामास जाणाऱ्यांसाठीं मोटारीच्या टपावर उघडणारा तंबू हल्लीं मिळतो. त्याचें वजन बहुधा ५०-६० किलो. एकट्यानें तो सबंध उचलूं नये, तरफेचें तत्त्व आठवावें. टप किती भार सोसतो, हें मोटारीच्या पुस्तिकेंत आधीं पाहावें. मग टपाच्या मागील कडेवर घोंगडी घालावी. तंबू तळाची बाजू मोटारीकडे करून उभा टेकवावा आणि खालची कड उचलून पुढें सारावा. आरंभीं सुमारें निमाच भार हातीं येतो, पुढें तोही घटतो. शेवटीं सारे पेंच आवळावे; सातपायरी घाटाच्या वळणांवर सैल पेंच जिवावर बेततो. घरांत चार माणसें असतां हांक मारण्यांत मात्र कमीपणा नाहीं.