जर्मनीत नोकरी: बँकेत १२-१३ लाख नसतील, तर रस्ता बंद होतो का?

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची वार्षिक मर्यादा २० हजारांवरून ९० हजारांवर नेत असल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून आयटीआय झालेले इलेक्ट्रिशियन, नर्स, ड्रायव्हर अशा अनेकांच्या घरात एकच प्रश्न आहे: पैसे किती लागतात?

उत्तर तुम्ही कोणत्या मार्गाने जाता, यावर ठरतं.

आधी जा, मग नोकरी शोधा

जून २०२४ पासून 'अपॉर्च्युनिटी कार्ड' सुरू झालं. हातात नोकरी नसताना वर्षभर जर्मनीत राहून ती शोधता येते. पण त्या काळातला खर्च झेपेल, हे आधी दाखवावं लागतं. २०२५ मध्ये ही रक्कम महिन्याला १,०९१ युरो होती, म्हणजे वर्षाला १३,०९२ युरो. रुपयांत साधारण १२ ते १३ लाख. आठवड्याला २० तासांपर्यंत अर्धवेळ काम करता येतं, पण पूर्णवेळ नोकरी मिळेलच याची हमी नाही. कर्ज काढून ही रक्कम उभी करणाऱ्याला नोकरी मिळाली नाही, तर परत आल्यावर हप्ते मात्र सुरूच राहतात.

आधी नोकरी, मग व्हिसा

इथे करारातला पगारच पुरावा ठरतो. तो उदरनिर्वाहाला पुरेसा असेल, तर एवढी रक्कम अडकवून ठेवावी लागत नाही. मार्च २०२४ पासून आणखी एक सोय आहे. नोकरीचा करार, किमान दोन वर्षांचं भारतात मान्य असलेलं व्यावसायिक शिक्षण किंवा पदवी आणि ए-२ पातळीची जर्मन भाषा असेल, तर तिथे काम करता करता शिक्षणाची मान्यता मिळवता येते. मात्र नर्ससारख्या पेशात पूर्ण मान्यतेसाठी साधारण बी-१ किंवा बी-२ पातळी लागते.

म्हणजे बचत कमी असेल, तर पैशांची जागा भाषा घेते. त्यासाठी वेळ द्यावा लागतो, पण तो घरी राहून, इथली नोकरी सांभाळूनही देता येतो.

कोणता खर्च विसरला जातो?

भाषेची परीक्षा, कागदपत्रांचं भाषांतर, ७५ युरो व्हिसा शुल्क आणि विमानाचं तिकीट हे बहुतेकांच्या हिशेबात असतं. राहून जातं ते घराचं डिपॉझिट. जर्मन कायद्यानुसार ते जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं असू शकतं, आणि भाडेकरूला ते तीन हप्त्यांत भरण्याचा हक्क आहे. पहिला पगार हाती येईपर्यंतचा घरखर्चही सोबत लागतोच.

एजंट लाखो रुपये मागतोय?

भारतात परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते. १९८३ च्या स्थलांतर कायद्याखालील नियमांनुसार सेवाशुल्काची मर्यादा ३० हजार रुपये, अधिक जीएसटी आहे. ई-मायग्रेट पोर्टलवर एजंटचं नाव तपासता येतं. शेत किंवा दागिने गहाण ठेवण्याआधी एवढं जरूर पाहा.