पहाट झाल्याचे सांगणारा शेजारी

सहरीची वेळ कधी संपते, हे आज मोबाईलवरचे वेळापत्रक सांगते. चौदाशे वर्षांपूर्वी मदिनेत ते एका अंध माणसाच्या आवाजावरून कळत असे. तिथे पहाटे दोन अजान होत. पहिली हजरत बिलाल (रजि.) यांची. तेव्हा रात्र बाकी असे आणि खाणेपिणे चालू राही. दुसरी हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मकतूम (रजि.) यांची. ती कानावर पडली की हात थांबत आणि रोजा सुरू होई. इब्ने उम्मे मकतूम यांना दिसत नव्हते. मग पूर्वेला उजाडले हे त्यांना कसे कळायचे? हदीसमध्ये त्याचे साधे उत्तर आहे. आजूबाजूचे लोक त्यांना पहाट झाल्याचे सांगत, आणि मग ते अजान देत.

हे काम डोळस माणसाला देणे सोपे होते. तरीही ते इब्ने उम्मे मकतूम यांच्याकडेच राहिले आणि साऱ्या गावाचा रोजा त्यांच्या आवाजावर सुरू झाला. शेजाऱ्यांनी करायचे ते एवढेच होते, रोज वेळेवर एक वाक्य बोलायचे. अपंगत्व असलेल्या माणसाला आधार देणे म्हणजे काय, याची यापेक्षा नेमकी व्याख्या सापडणे कठीण आहे.

याच माणसाशी जोडलेला एक आधीचा प्रसंग मक्केतला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) कुरैश टोळीच्या वजनदार पुढाऱ्यांशी बोलत असताना इब्ने उम्मे मकतूम मध्येच आले आणि काही शिकवण्याची विनंती करू लागले. प्रेषितांच्या कपाळावर आठी उमटली आणि त्यांनी तोंड फिरवले. त्या आठीबद्दल खुद्द प्रेषितांना समज देणाऱ्या आयती कुरआनच्या ऐंशिव्या सूरेत, ‘अबस’मध्ये, आजही पढल्या जातात. पुढे प्रेषितांनी त्यांना नेहमी मानाने वागवले. मदिनेबाहेर जाताना अनेकदा नमाजचे नेतृत्वही त्यांच्यावर सोपवले. शिकण्याच्या आशेने दारात आलेल्या माणसाकडे पाठ फिरवणे किती गंभीर मानले गेले, हे यातून दिसते.

रमजानच्या महिन्यात कात्रजकरांनी हा प्रसंग आठवण्याला कारण आहे. संतोषनगर, सुखसागरनगर, आंबेगाव आणि कोंढव्याच्या रस्त्यालगतच्या दाट वस्त्यांत आज अनेक घरे अशी आहेत, जिथे एक विशेष मूल वाढते आहे. कुणी स्वमग्न आहे, कुणाला सेरेब्रल पाल्सी आहे, कुणाची बौद्धिक वाढ वयाच्या मागे आहे, तर कुणाला अक्षरे आणि अंक एका जागी धरून ठेवता येत नाहीत. ही घरे मुसलमानांची आहेत तशीच मराठा, मातंग, लिंगायत, मारवाडी अशा सगळ्यांची आहेत. त्यांची अडचण मात्र जवळजवळ एकसारखी आहे. ती अडचण अंतराची आहे.

अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत नेले. कात्रजहून शहराला पाणी गेले. शहरातल्या सोयी मात्र तितक्या सहज उलट वाटेने कात्रजला आल्या नाहीत. विशेष मुलांसाठी पुण्याने फार मोलाचे काम केले आहे. सिंधुताई जोशी यांनी 1964 मध्ये सुरू केलेली ‘कामायनी’ गोखलेनगरला आहे. सेवासदनचे ‘दिलासा’ एरंडवण्यात आहे. बालकल्याण संस्था गणेशखिंडीच्या बाजूला आहे. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी ससूनला किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात जावे लागते. कात्रजच्या चौकात बससाठी उभ्या असलेल्या आईच्या दृष्टीने ही सारी ठिकाणे शहराच्या दुसऱ्या टोकाला आहेत.

तिचा प्रवास कसा होतो, हे एकदा डोळ्यांसमोर आणावे. मूल बारा वर्षांचे, उंचीने आईच्या खांद्याला लागलेले. स्वारगेटला गाडी बदलायची. गर्दी वाढली की मूल कानांवर हात ठेवून ओरडू लागते. मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणते, ‘बाई, जरा पोराला वळण लावा की.’ पाऊण तासाच्या थेरपीसाठी अर्धा दिवस जातो. आठवड्यातून तीनदा असे जायचे, तर आईला नोकरी सोडावी लागते, धुण्याभांड्यांची कामे सोडावी लागतात. रिक्षा परवडत नाही. काही महिन्यांनी थेरपी आठवड्यातून एकदा होते, मग पंधरवड्यातून एकदा, आणि एक दिवस बंद पडते. मुलाची प्रगती थांबल्याचे कागदावर लिहिले जाते. ती कशामुळे थांबली, हे कुठेच लिहिले जात नाही. स्वारगेट ते कात्रज भुयारी मेट्रोला केंद्राने 2024 मध्ये मंजुरी दिली. ती धावू लागेल तेव्हा हा प्रवास थोडा हलका होईल. पण आज पाच वर्षांचे असलेले मूल तोवर थांबून राहणार नाही.

कायद्याची बाजू या आईच्या बाजूने आहे, आणि ती सर्वांना माहीत असायला हवी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मानले. स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता त्यांत आहेत. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे, तोही घराजवळच्या शाळेत किंवा त्याच्या निवडीच्या विशेष शाळेत. मुलासाठी, आणि जास्त आधाराची गरज असेल तर त्याच्या सोबत्यासाठीही, वाहतुकीची सोय करण्याचे हा कायदा सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये विशेष शिक्षकांचे प्रमाणही घालून दिले. प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे एक शिक्षक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक. मार्च 2025 मध्ये न्यायालयाला राज्यांना पुन्हा बजावावे लागले की, ही पदे मंजूर करा आणि भरा. हक्क आहे, पण तो बजावून देणारा शिक्षक शाळेत नाही, अशी बऱ्याच ठिकाणची स्थिती आहे.

मोजदादीचीही तीच गत. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे 29 लाख 60 हजार दिव्यांग नोंदले गेले. त्या जनगणनेत स्वमग्नतेचा स्वतंत्र रकानाच नव्हता. जे मोजले जात नाही, त्याच्यासाठी खोली बांधली जात नाही आणि शिक्षकही नेमला जात नाही.

सर्वात बिकट वळण अठराव्या वर्षी येते. विशेष शाळेत जाणाऱ्या मुलाचा दिवस निदान आखलेला असतो. अठरा पूर्ण झाली की ती आखणी संपते. प्रौढांसाठीच्या कार्यशाळा मोजक्या आणि तिथल्या जागा त्याहून मोजक्या. काल गणवेश घालून निघणारा तरुण आज खिडकीशी बसून राहतो. तो चिडू लागतो आणि आई थकू लागते. वडिलांच्या मनात एकच प्रश्न घर करतो, आपल्यानंतर याचे काय? जयवंत दळवींनी ‘नातीगोती’ नाटकात हाच प्रश्न मराठी प्रेक्षकांसमोर ठेवला होता. बदलापूरला माधवराव गोरे यांच्या पुढाकाराने पालकांनी एकत्र येऊन ‘आधार’ ही संस्था उभी केली, तीही याच प्रश्नातून. प्रौढ झालेल्या मुलांना तिथे कायमचे घर मिळाले. त्या पालकांनी हा प्रश्न घरात दडवला नाही. तो चारचौघांत मांडला, म्हणून त्याला उत्तर सापडले.

आणखी एक गोष्ट पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याने ते प्रौढ ठरते आणि आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपते. बँकेत खाते उघडताना किंवा वारसाची नोंद करताना हे अचानक समोर येते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालकत्व घेता येते. याच न्यासाची ‘निरामय’ विमा योजना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते, आणि थेरपीचा काही खर्चही तिच्यात बसतो. अर्ज भरायला बसणारा, कागद नीट लावून देणारा एक जाणकार शेजारी मिळाला, तर एका घराची दहा वर्षांची काळजी कमी होऊ शकते.

रमजानचा संबंध इथे येतो. हा महिना मोहल्ल्याला एक गोष्ट करून दाखवतो : रोज, ठरल्या वेळी, न चुकता शेकडो माणसांसाठी ताट मांडता येते. तरुण पोरे रस्त्यावर उभी राहून वाटसरूंना खजूर आणि पाणी देतात. कुणाकडे इफ्तार पोहोचला नाही याची चौकशी होते. वर्षभर शिलकीत राहिलेल्या संपत्तीचा अडीच टक्के हिस्सा जकात म्हणून बाजूला निघतो. ज्या वस्तीला हे जमते, तिला आठवड्यातून दोन दुपारी एक खोली विशेष मुलांसाठी उघडी ठेवणे अशक्य नाही.

जकात कुणाला द्यायची, याचे नियम ठरलेले आहेत. गरजू आणि कर्जात बुडालेले दोघेही त्यांत बसतात. थेरपी, तपासण्या आणि रिक्षाभाड्यापायी उसनवारीत गेलेले कुटुंब याच चौकटीतले असते. फक्त ते मागायला येत नाही. जे मागत नाहीत आणि वरवर पाहणाऱ्याला सुखवस्तू वाटतात, त्यांना ओळखून काढा, असे कुरआनच्या दुसऱ्या सूरेत सुचवले आहे. ऐच्छिक दान, म्हणजे सदका, तर कोणत्याही धर्माच्या गरजूला देता येतो. एका मुलाचे वर्षभराचे रिक्षाभाडे चार घरांनी वाटून घेतले, तर ते ईदच्या कपड्यांपेक्षा जास्त टिकेल.

पैशाइतकीच, कदाचित त्याहून जास्त, गरज आहे ती ताटावरच्या जागेची. ज्याची समज पुरी वाढलेली नाही, त्याच्यावर रोजा बंधनकारक नाही. पण अशा कित्येक मुलांना सहरीला उठायला आणि सगळ्यांबरोबर खजूर तोंडात टाकायला मनापासून आवडते. काहींना फिट्सच्या गोळ्या असतात आणि त्यांच्या वेळा बदलून चालत नाही. तिथे डॉक्टरांचा शब्द शेवटचा. काहींना महिन्याचे बदललेले वेळापत्रकच सोसत नाही. म्हणून ते घर हळूहळू दारे लावून घेते. इफ्तारचे बोलावणे आले तरी आई मुलाला घेऊन घरीच थांबते, कारण मागच्या वेळी त्याने सरबत सांडले होते आणि सगळ्यांनी वळून पाहिले होते. कुरआनच्या चोविसाव्या सूरेत अंध, पंगू आणि आजारी माणसांनी इतरांसोबत जेवण्यात काहीही गैर नाही, असे मुद्दाम सांगितले आहे. त्या काळी अशा माणसांबरोबर एका ताटात बसायला लोक कचरत, असे भाष्यकार सांगतात. तो संकोच अजून गेलेला नाही.

कात्रजकरांकडून अपेक्षा मोठ्या नाहीत. मशिदीने, मंदिराने किंवा गणेश मंडळाने आपला हॉल आठवड्यातून दोन दुपारी द्यावा. त्या दोन तासांत आईला दवाखान्यात जाता यावे, बाजार करता यावा किंवा नुसते झोपता यावे. भारती विद्यापीठाच्या आवारात वाचा-श्रवण उपचाराचे शिक्षण दिले जाते. तिथल्या विद्यार्थ्यांचे आणि अध्यापकांचे मार्गदर्शन वस्तीपर्यंत आणण्यासाठी नागरिकांनी एकत्रितपणे विचारणा करावी. क्षेत्रीय कार्यालयाकडे मागणी एका आईने नव्हे, पन्नास घरांच्या सह्यांनी जावी : आमच्या शाळेत विशेष शिक्षक कधी येणार आणि प्रमाणपत्राचे शिबिर कात्रजला कधी भरणार? मिरवणूक ईदची असो, गणपतीची असो की जयंतीची, ज्या गल्लीत असे मूल आहे तिथून जाताना आवाज दोन मिनिटे खाली आणावा. दुकानदारांनी अठरा ओलांडलेल्या एखाद्या तरुणाला रोज दोन तास पिशव्या भरण्याचे, खोकी मोजण्याचे काम देऊन पाहावे. कात्रजची दूध डेअरी पहाटेपासून जागी असते, इथले रस्तेही लवकर जागे होतात. त्या गजबजाटात एका तरुणाला स्वतःचे काम असणे, ही त्याच्या घरासाठी साधी गोष्ट नसते.

आणि ज्याला यातले काहीच जमणार नाही, त्याने निदान बसमध्ये त्या आईसाठी जागा द्यावी आणि मुलाकडे पाहून हसावे. शाबान संपला की शव्वालपर्यंतच चालणारे हे काम नव्हे. मदिनेतल्या लोकांनी इब्ने उम्मे मकतूम यांना पहाट झाल्याचे फक्त एका दिवशी सांगितले असते, तर दुसऱ्या दिवशीची अजान झाली नसती. ते रोज सांगत होते. ईदच्या सकाळी शीरखुर्म्याचे वाडगे शेजारीपाजारी फिरतील. त्यातले एक त्या बंद दाराकडे जावे, आणि ते घेऊन जाणाऱ्याने आत जाऊन मुलाशेजारी बसावे. निघताना, पुन्हा कधी येणार, तो वार सांगून निघावे.