आजीच्या कण्या आणि आपला हिशेब



शहरात अलीकडे 'आजीच्या हातची चव' विकायला निघाली आहे. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची गर्दी लोणावळ्याला लोटते. तिच्यासाठी चुलीवरच्या जेवणाच्या पाट्या लागतात. त्याबद्दल आमची तक्रार नाही. कोणी चार पैसे मिळवत असेल तर मिळवू द्या. पण ज्या आजीचं नाव पाटीवर लावलं, ती काय रांधत होती आणि तेच का रांधत होती, हे कोणी सांगत नाही. ते आपण शेतकऱ्यांनीच सांगायला हवं.

आमचा मुलूख शेवगावकडचा, कापूस-ज्वारीचा, सगळा आभाळाच्या भरवशावर. आजोळ मात्र मावळातलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आईबरोबर एस.टी.नं पुण्याला जायचं, तिथून लोणावळ्याची लोकल धरायची, कामशेतला उतरायचं आणि डोंगराच्या कडेनं चालत गाव गाठायचं. दमून भागून पोचलो की आजी पितळीत वाढायची ते ताकातल्या कण्या. आजारी पडलो तरी त्याच, फक्त ताकाऐवजी दूध.

कृती साधी आहे. एक वाटी तांदळाची कणी पाखडून धुवायची. पाच वाट्या पाण्याला आधण आलं की मीठ टाकून कणी हळूहळू वैरायची आणि गुठळी होऊ नये म्हणून पळीनं हलवत राहायचं. शिजत आली की जाळ ओढून भांडं निखाऱ्यावर झाकून ठेवायचं. उतरवून कोमट झाल्यावर ताक घालायचं आणि वरून ठेचलेल्या लसणाची फोडणी द्यायची.

आम्ही पोरं बोटं चाटत खायचो. पण कणीच का? आजीच्या शेतात तर आंबेमोहोर पिकत होता! मोहोरासारखा वास येणारा हा तांदूळ कांडताना फार तुटतो. कांडून, पाखडून झाल्यावर आजी तीन ढीग करायची. अख्खा तांदूळ बाजाराला, कोंडा जनावरांना, कणी घराला. मीठ, रॉकेल, कापडचोपड हे सगळं अख्ख्या तांदळाच्या पैशातून यायचं. म्हणजे ज्या भाताचं आम्हाला एवढं अप्रूप, तो विक्रीतून उरलेला भात होता. ते उरलंसुरलं आहे असं आजीनं आम्हाला कधी जाणवू दिलं नाही, ही तिची करामत.

आई लग्न होऊन जिरायत मुलखात आली तेव्हा तांदूळ सणापुरता राहिला. तिनं तीच कृती ज्वारीला लावली. इकडच्या सासवांना ज्वारीच्या कण्या ठाऊकच होत्या. ज्वारी ओलसर करून कांडायची, कोंडा पाखडायचा, वाळवून जात्यावर भरडायची आणि चाळायची. पीठ भाकरीला, कणी रांधायला. पाणी थोडं जास्त, वेळ बराच जास्त. उन्हातून आलेल्या माणसाच्या पोटाला ताकातल्या कण्यांइतकं थंड दुसरं काही नाही.

आता कष्टाचा हिशेब मांडू. कृषिमूल्य आयोग पिकाचा खर्च काढतो, त्यात घरच्या माणसांची शेतातली मजुरी धरतो. पण माल घरात आल्यानंतरचं कांडण, दळण, पाखडण कोणाच्या वहीत आहे? 2024-25 साली संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला 3371 रुपये होता, म्हणजे किलोला 34 रुपयेसुद्धा नाहीत. तीच ज्वारी भरडून, चाळून पुडक्यात गेली की भाव वेगळा. मधल्या फरकाचं काम आपल्या आया-आज्या पिढ्यान्‌पिढ्या फुकट करत आल्या.

लोणावळ्याची चिक्कीच बघा. मावळ हा भाताचा मुलूख. चिक्कीचा शेंगदाणा आणि गूळ तिथे बाहेरून येतो. भाजणं, पाक करणं, खोक्यात भरणं लोणावळ्यात होतं आणि नावही लोणावळ्याचं होतं. शेंगदाणा कोणाच्या रानातला, हे कोणी विचारत नाही.

दुसरीकडे आपण काय केलं? 'कण्या खाणारं घर' म्हणजे दरिद्री घर असं मानून लाजलो. ज्वारी कमी करून कापूस, सोयाबीन वाढवलं. भाव न मिळणारं पीक कोण कशाला घेईल? त्यात शेतकऱ्याची चूक नाही. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं स्वस्त तांदूळ-गहू आला, जानेवारी 2023 पासून तो फुकट झाला. गरिबानं तो घेऊ नये असं आम्ही म्हणणार नाही. पण त्याच 2023 साली जगानं भरडधान्य वर्ष साजरं केलं, ज्वारी-बाजरीचे गोडवे गायले, आणि ज्वारीच्या मुलखातल्या चुलीवर रेशनचा तांदूळ शिजत राहिला. कडबा गेला तसं जनावर गेलं, जनावर गेलं तसं ताकही गेलं. मग कण्या कशात कालवणार?

आजीच्या आठवणीनं डोळे पुसण्यात अर्थ नाही. दोन कामं करता येतील. पेरणीआधी घराला वर्षाची ज्वारी आणि जनावरांना कडबा किती लागेल ते मोजा, तेवढं रान आधी राखा, मग कापूस. आणि पुढच्या बैठकीला घरातल्या म्हाताऱ्या बायांना घेऊन या. त्यांची भरडायची, रांधायची रीत लिहून घेऊ. एक पायली ज्वारी कांडून भरडायला किती वेळ लागतो तेही त्यांनाच विचारू, आणि त्या वेळेचे पैसे लावून कण्यांचा भाव काढू. विकायच्या असोत नसोत, भाव आपल्याला माहीत हवा.